तापीच्या खोऱ्यातली सरकती सीमा

१२ डिसेंबर १८६० रोजी ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि इंग्रज सरकार यांच्यात एक तह झाला. सत्तावन्नच्या धामधुमीत शिंद्यांनी इंग्रजांची बाजू सोडली नव्हती, म्हणून वर्षाला ३ लाख रुपये वसुलाचा मुलूख त्यांना बक्षीस मिळाला. त्याच तहात दोन्ही सरकारांनी एकमेकांत अडकलेल्या प्रदेशांची अदलाबदलही ठरवली. शिंद्यांनी दख्खनमधला आपला मुलूख सोडायचा आणि त्याच्या बदल्यात ग्वाल्हेरच्या बाजूचा घ्यायचा. या व्यवहारात भुसावळजवळचं वरणगाव १८६१ साली इंग्रजांकडे आलं. ना वेढा पडला, ना तोफ डागली गेली. वरणगावचा शेतकरी त्याच विहिरीवर मोट हाकत राहिला आणि शेतसारा मात्र वेगळ्या राज्याच्या खजिन्यात जाऊ लागला.

त्याच तहाने बऱ्हाणपूर शहरही, जैनाबाद आणि मांजरोद परगण्यांसह, शिंद्यांकडून इंग्रजांना मिळालं. म्हणजे वरणगाव आणि बऱ्हाणपूर यांचा धनी एकच होता, आणि दोघांचा धनी बदलला तोही एकाच कागदाने. पण पुढच्या वाटणीत वरणगाव खानदेश जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात गेलं. बऱ्हाणपूर निमाडला जोडलं गेलं आणि १८६४ मध्ये निमाडसकट मध्य प्रांतात दाखल झालं. आज रावेरच्या पुढे जी महाराष्ट्र–मध्य प्रदेश सीमा ओलांडावी लागते, तिचं मूळ बरंचसं या वाटणीत आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीचा उगम दप्तरातल्या एका सोयीत असावा, याचं मला आजही नवल वाटतं.

नवल वाटायचं आणखी एक कारण आहे. बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती! १३८२ च्या सुमारास मलिक राजाने थाळनेरला फारुकी घराण्याची गादी उभी केली. त्याच्या मुलाने, नासिर खानाने, अशीरगड घेतला आणि तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं. दोनशे वर्षं फारुकींनी इथून राज्य केलं. तिथल्या जामा मशिदीत राजा अली खानाच्या काळातला शिलालेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे. १६०१ च्या जानेवारीत अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. आपला शाहजादा दानियाल याच्या नावावरून अकबराने त्याला 'दानदेश' म्हणायला सुरुवात केली. ते नाव टिकलं नाही.

या सुभ्याचा आकार अबुल फजलने आईन-इ-अकबरीत दिला आहे. लांबी हंडियाला लागून असलेल्या बोरगावपासून लळिंगपर्यंत ७५ कोस. रुंदी वऱ्हाडला लागून असलेल्या जामोदपासून माळव्याला लागून असलेल्या पालपर्यंत ५० कोस. यातलं लळिंग धुळ्याजवळ, पाल आपल्या रावेर तालुक्यात, जामोद आज बुलढाणा जिल्ह्यात आणि हंडिया पार नर्मदेच्या काठी. आजच्या नकाशावर ही चार टोकं जोडून पाहा. वरणगाव राजधानीच्या अंगणात येतं. आज आपण ज्याला जळगाव जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक म्हणतो, तो तेव्हा मुलखाचा मधला भाग होता.

सीमा इथेच एवढी का हलली? उत्तर जमिनीत आहे. खानदेशाला उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. या दोन भिंतींवर सत्ता बदलल्या तरी सीमा शतकानुशतकं जवळपास त्याच जागी राहिली. पण पूर्वेला भिंतच नाही. चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात. पूर्णेचं खोरं सपाटपणे वऱ्हाडात शिरतं, आणि तापीचं बऱ्हाणपूरकडे वळून सातपुड्याच्या खिंडीतून नर्मदेकडे वाट काढतं. अशीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणतात तो या खिंडीमुळे. वरणगाव या मोकळ्या बाजूच्या तोंडाशी बसलं आहे. सैन्यं, व्यापारी, पुढे हमरस्ता आणि रेल्वे, सगळे इथूनच गेले. थांबवायला डोंगर नसेल तर सीमा कुठे आखायची हे राजे ठरवतात, आणि राजे बदलत राहतात.

मधल्या काळात तर सीमा जमिनीवरून उठून थेट खळ्यात आली. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने खानदेशातून चौथाई घेतली, आणि १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना बादशाहीकडून मिळाल्या. वसुलाचा चौथा हिस्सा चौथाईचा आणि वर दहा टक्के सरदेशमुखी. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दख्खन निजामाच्या हाती गेली, तरी मराठ्यांचा हा हक्क उरलाच. गाव निजामाचं, पण वसुलात मराठ्यांचा वाटा. अशा दुहेरी अमलात सीमारेषा शिवारातून जात नव्हती, रास मोजताना पडणाऱ्या वाट्यांतून जात होती. नकाशावर हे कसं दाखवणार? आजच्या एकरंगी नकाशांना सवयलेल्या डोळ्यांना अठरावं शतक समजायला अवघड जातं ते यामुळेच.

पुढचे टप्पे भराभर आले. निजामाशी १७५२ चा भालकीचा तह, १७६० ची उदगीरची लढाई आणि बऱ्हाणपूर-अशीरगड मराठ्यांकडे. १८०३ मध्ये इंग्रजांनी दोन्ही घेतले, पण सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांना परत दिले. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख सोडला. थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला सोडला नाही, तेव्हा इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फाशी दिलं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला येऊन कारभार पाहू लागला.

त्याच्या हाती आला तो अखंड मुलूख नव्हता. पेशव्यांचे, होळकरांचे आणि शिंद्यांचे परगणे एकमेकांत मिसळले होते. पहिल्या दोघांचे इंग्रजांना मिळाले, पण शिंद्यांचे शिंद्यांकडेच राहिले. म्हणून पुढची चाळीसेक वर्षं खानदेशात प्रवास करणारा माणूस इंग्रजी हद्दीतून शिंद्यांच्या हद्दीत आणि तिथून पुन्हा इंग्रजी हद्दीत जात असे. या फरकाला अर्थही होता. १८५२ मध्ये इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर आणि एरंडोलला शेतकरी हजारोंनी जमले, सरकारला लष्कर आणावं लागलं. वरणगाव मात्र तेव्हा शिंद्यांचं होतं, म्हणजे या मोजणीच्या बाहेर. गावांचे असे तुकडे जगात इतरत्रही झाले, आणि काही तर आपल्या काळापर्यंत टिकले. कूचबिहारच्या सीमेवर भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि त्यांचे ५१ आपल्या पोटात होते. ती अदलाबदल व्हायला २०१५ सालचा ३१ जुलै उजाडावा लागला. वरणगावचा गुंता त्याच्या दीडशे वर्षं आधी सुटला.

पण वरणगावच्या पूर्वेचा गुंता तिथे संपला नाही. मलकापूर इथून जवळच, तरी ते वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी कागदोपत्री निजामाचंच होतं. १९०२ च्या कराराने ते कायम भाडेपट्ट्यावर घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. तरीही निजामाचं नाममात्र स्वामित्व शिल्लक होतंच, इतकं की १९३६ पासून हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी होती. दक्षिणेला अजिंठ्याच्या पायथ्याचं फर्दापूर तर उघड उघड निजामाच्या राज्यात. जळगावला उतरून लेणी पाहायला जाणारा माणूस वाटेत राज्य ओलांडत असे, आणि लेण्यांची देखभाल हैदराबादचं पुरातत्त्व खातं करत असे.

आता १९०० साली मलकापुरात जन्मलेल्या कुणाची कल्पना करा. जन्म निजामाच्या पण इंग्रजांकडे सोपवलेल्या वऱ्हाडात. तिसऱ्या वर्षी मध्य प्रांत आणि वऱ्हाड, पन्नासाव्या वर्षी मध्य प्रदेश, छप्पन्नाव्या वर्षी मुंबई राज्य, साठाव्या वर्षी महाराष्ट्र. आणि या सगळ्यात घर एकच. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री मलकापूर आणि बऱ्हाणपूर दोन्ही मध्य प्रदेशात होती, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी मलकापूर आपल्याकडे आलं. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि त्याची राजधानी मात्र भोपाळला गेली. खानदेशाची जुनी राजधानी खानदेशापासून अशी दुसऱ्यांदा तुटली, आणि माझ्या मते हा तुटलेपणा आपण फार लवकर विसरलो.

पश्चिमेकडेही असंच झालं, कारण तापी जिथून गुजरातेत उतरते तिथेही डोंगराची आडवी भिंत नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र जन्माला येताना पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. आजचे निझर आणि उच्छल हे तालुके त्यातूनच उभे राहिले. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, वरणगावला आयुध निर्माणी सुरू झाली. चीनशी नुकत्याच झालेल्या युद्धानंतर देश नवे दारूगोळा कारखाने उभारत होता. आपल्या मुलखाची सीमा पूर्वेला आणि पश्चिमेला हललेली पाहणाऱ्या या गावात मग देशाच्या सीमेवरच्या जवानांसाठी काडतुसं तयार होऊ लागली.

माणसांनी या रेषा किती मानल्या? भुसावळ, यावल, रावेरची लेवा बोली मुक्ताईनगर ओलांडून मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत आणि बऱ्हाणपुरातही ऐकू येते. सोयरिकी त्याच वाटेने होतात. केळीचे मळे रावेरला सुरू होतात आणि बऱ्हाणपूरपर्यंत सलग जातात. रेल्वेनेही तेच केलं: मध्य रेल्वेचा भुसावळ विभाग एका बाजूला खंडव्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला बडनेऱ्यापर्यंत. 

वरणगाव परिसरातल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत, १८६१ च्या आधीचे मोडी कागद असतील तर ते बहुधा शिंद्यांच्या अमलातले आहेत. पाटीलकीचे, वतनाचे, साऱ्याचे, विहिरीच्या वाट्याचे असले किरकोळ वाटणारे कागदच सांगू शकतील की धनी बदलला त्या वर्षी गावात नेमकं काय बदललं. ते रद्दीत देऊ नका, वाळवीला सोडू नका. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्यभर अशीच दप्तरं गोळा केली. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. कागद तिथे दाखवा आणि मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या.