दडपणाऱ्या क्रीडासंस्थेला शिक्षा हवी, पण ती कुणी भोगायची?

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आणि मारुती मान्यांचे कवठेपिरान ज्या टापूत आहे, तिथे कुस्तीत मुलींना मान मिळाला याचा आनंद मलाही झाला. परंतु त्याच वर्षी जानेवारीत देशातील नामांकित महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या होत्या. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण सिंह यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. सरकारने समिती नेमली, पण तिचा पूर्ण अहवाल लोकांपुढे ठेवला नाही. एप्रिलमध्ये त्या पुन्हा बसल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. सिंह यांनी ते नाकारले आहेत. त्याचा निवाडा हे न्यायालयाचे काम. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे : मुलीची तक्रार जी क्रीडासंस्था दाबते, त्या संस्थेलाच शिक्षा झाली पाहिजे की नाही?

मी शिक्षक आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांना मुलींचे संघ घेऊन जातो. तिथे हा प्रश्न काढला की दोन उत्तरे मिळतात. एक, दोष एका माणसाचा असतो, संस्थेची बदनामी कशाला? दुसरे, संस्थेवर बंदी आली तर नुकसान मुलींचेच होईल. पहिले उत्तर लबाडीचे आहे. दुसऱ्यात तथ्य आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्र विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. यात दोषी कोणता एक मास्तर होता? सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणालाच ते थांबवावेसे वाटले नाही. अन्याय जेव्हा असा सर्वांच्या संमतीने चालतो, तेव्हा गुन्हेगार संस्थाच असते.

क्रीडाक्षेत्रात ही संमती कशी तयार होते ते पाहा. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या मजुराच्या मुलीसाठी खेळ ही हौस नसते. खेळाचे प्रमाणपत्र, त्यावर सरकारी नोकरीतील ५ टक्के आरक्षण, त्यातून पोलीस भरती, अशी ती वाट असते. संघात निवड, वसतिगृहातील जागा, प्रमाणपत्रावरची सही हे सारे एकाच हातात, आणि तक्रारही त्याच हाताकडे करायची! जुन्या गावकीत फिर्याद पाटलाविरुद्ध आणि निवाडाही पाटलाच्याच वाड्यात, त्यातलाच हा प्रकार. मग बापाला बोलावून ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’ असे समजावले जाते. प्रशिक्षक गुपचूप दुसरीकडे जातो आणि मुलगी सराव सोडते. मुलगी आपल्या वस्तीतली असेल तर तिच्या शब्दाला किंमत आणखी कमी.

कायदा मात्र संस्थेला जबाबदार धरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकावरील लैंगिक गुन्हा कळूनही न कळवणे हाच गुन्हा आहे. आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने लपवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा क्रीडासंस्था, मैदान आणि स्पर्धेचे ठिकाण यांना ‘कामाचे ठिकाण’ मानतो. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री हवी, समितीत एक बाहेरची व्यक्ती हवी. समितीच नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तोच गुन्हा केल्यास दुप्पट शिक्षा आणि नोंदणीही रद्द होऊ शकते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पीडित मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. असे असूनही मे २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कुस्ती महासंघासह अनेक क्रीडा संघटनांना नोटिसा काढाव्या लागल्या. कारण त्यांच्याकडे अशा समित्या नव्हत्या किंवा नियमाप्रमाणे नव्हत्या, अशी बातमी होती.

आता दुसरे उत्तर. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील एका प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे मुलांवर केलेले अत्याचार वरिष्ठांनी झाकले. २०१२ मध्ये विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि संघाला हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांत चार वर्षांची बंदी. दंड योग्यच होता. बंदी मात्र अशा खेळाडूंनी भोगली, ज्यांचा त्या पापाशी संबंध नव्हता. ती २०१४ मध्ये उठवावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. कारण वेगळे होते, निवडणुका वेळेत न घेण्याचे. पण बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालला कांस्यपदक तिरंग्याशिवाय घ्यावे लागले. पदाधिकाऱ्यांची चूक खेळाडूच्या माथी बसली.

म्हणून माझे म्हणणे असे की शिक्षा झालीच पाहिजे, पण ती सत्तेला झाली पाहिजे. दडपणाऱ्यांची पदे जावीत, संस्थेचे अनुदान आणि स्पर्धा भरवण्याचा हक्क काढून घ्यावा, गरज पडल्यास मान्यताही रद्द करावी. मात्र त्याच दिवशी मुलींचे वसतिगृह, सराव आणि निवड चाचणी जिल्हा क्रीडा कार्यालयाने हाती घ्यावी. वयोगटाचे एक वर्ष बुडाले तर श्रीमंताची मुलगी दुसरी वाट धरील. मजुराची मुलगी उसाच्या फडात परत जाईल. तिचे नुकसान होणार असेल तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि दडपणाऱ्यांना तेच हवे असते.

कार्यकर्त्यांनी यासाठी नव्या कायद्याची वाट पाहू नये. आपल्या तालुक्यातील प्रत्येक तालीम, अकादमी आणि क्रीडा वसतिगृहात जाऊन तक्रार समितीची नावे विचारावीत. ती फलकावर नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. स्थानिक समितीचा पत्ता शिक्षकांनी मुलींच्या वहीत लिहून द्यावा. तक्रार ऐकणारा आणि प्रमाणपत्रावर सही करणारा एकच असता कामा नये, ही मागणी आपण पहिल्यांदा लावून धरली पाहिजे.