सल्लागाराच्या कपाटातली फाइल

ब्रिटनच्या व्हिसासाठी इमिग्रेशन सल्लागाराकडे जी कागदपत्रे द्यावी लागतात, ती एका बैठकीत वाचून काढली तर अर्जदाराचे आणि त्याच्या घराचे बहुतेक सगळे आयुष्य समोर येते. पासपोर्ट आणि जन्मदाखला ही तर सुरुवात झाली. विद्यार्थ्याला फी आणि राहण्याचा खर्च भागेल इतके पैसे सलग २८ दिवस खात्यात होते हे दाखवावे लागते, म्हणून आईवडिलांचे बँक स्टेटमेंट येते. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी भारतातून जाणाऱ्याला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो, म्हणून वैद्यकीय कागद येतो. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचे असेल तर लग्न खरे आहे हे पटवण्यासाठी फोटो, भाडेकरार, एकमेकांना पाठवलेले मेसेजही द्यावे लागतात. आधी कुठे व्हिसा नाकारला होता का, कधी पोलिसांत नाव गेले होते का, हेही सांगावे लागते. आश्रय मागणाऱ्याच्या फाइलमध्ये याच्याही पुढचे असते: मारहाणीच्या खुणांवरचा डॉक्टरांचा अहवाल, पक्षाचे सदस्यत्व, धर्मांतराची हकीकत, लैंगिक कल. बँकेला आपले पैसे माहीत असतात आणि डॉक्टरला आपला आजार, पण हे सगळे एकाच पुठ्ठ्यात बांधलेले सापडते ते सल्लागाराच्या कपाटात, किंवा हल्ली त्याच्या सर्व्हरवर.

या फाइलचे रक्षण कशाने होते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: आम्ही संमतीपत्रावर सही केली आहे. माझे म्हणणे असे की या सहीला फार थोडी किंमत आहे. कॉलेज सुरू व्हायला महिना उरलेला, फीचा हप्ता भरलेला, आणि समोर छापील फॉर्म; अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कोणाला असते? ब्रिटनच्या कायद्याने ही अडचण ओळखली आहे. तिथल्या माहिती-संरक्षण कायद्यात संमती ही मोकळेपणाने दिलेली आणि केव्हाही मागे घेता येणारी असावी लागते. म्हणून माहिती हाताळण्याचा आधार म्हणून संमतीखेरीज अशिलाशी झालेला करार आणि फर्मवरची कायदेशीर बंधनेही मान्य केली आहेत. आरोग्य, धर्म, वंश, राजकीय मत, लैंगिक कल ही विशेष संरक्षणाची माहिती मानली जाते. तिच्यासाठी वेगळा आधार लागतो आणि कायदेशीर हक्क मांडण्यासाठी ती आवश्यक असणे हा त्यांतला एक. यातला अर्थ सामान्य अशिलाने नीट समजून घ्यावा असा आहे. फर्म तुमच्या सहीशिवायही तुमची माहिती कायदेशीरपणे वापरू शकते, आणि म्हणूनच ती किती घेतली, कोणाला पाठवली आणि केव्हा नष्ट केली याचा जाबही तिलाच द्यावा लागतो. सही दाखवून तिला सुटता येत नाही.

ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणे हा कोणीही दुकान थाटून करावा असा धंदा नाही. १९९९ च्या कायद्यानुसार तो देणारा माणूस सॉलिसिटर, बॅरिस्टर असा मान्य व्यावसायिक असावा लागतो, नाहीतर सरकारी नियामकाकडे त्याची नोंदणी लागते. या नियामकाचे नाव जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी’ असे झाले. नोंदणीशिवाय सल्ला देणे हा तिथे दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नियामक सल्लागाराच्या फाइली तपासू शकतो, म्हणजे गुप्ततेला हा एक अपवाद आहे आणि तो अशिलाला आधी सांगितलेला असावा. आपल्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की हा माहिती-संरक्षण कायदा अशिलाचे नागरिकत्व पाहत नाही. ब्रिटनमधल्या फर्मने सांगलीतल्या मुलीची कागदपत्रे ईमेलवर मागवली तर त्या मुलीलाही लंडनमधल्या माणसाइतकेच हक्क मिळतात.

गोव्याचे उदाहरण घेतले की सहीचा तोकडेपणा आणखी स्पष्ट होतो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ब्रिटन युरोपीय संघात असताना हा पासपोर्ट घेऊन हजारो गोमंतकीय तिकडे गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिटनंतर तिथेच राहण्याचा हक्क टिकवायला त्यांना पुन्हा अर्ज करावे लागले. अशा एका माणसाच्या फाइलमध्ये आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला, आजीच्या लग्नाची नोंद, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमधली तफावत दूर करणारे प्रतिज्ञापत्र आणि भावंडांचे जन्मदाखले असू शकतात. सही असते ती अर्जदाराची. बाकीच्यांना, त्यांतले जे हयात आहेत त्यांना, आपली माहिती कोणत्या कार्यालयात आहे याचा पत्ताही नसतो. त्यांच्या वतीने काळजी घेणारा फर्मखेरीज दुसरा कोण आहे?

म्हणून पहिली कसोटी घेण्याची. जेवढे लागेल तेवढेच मागावे, हे तत्त्व कायद्यात आहे. व्यवहारात मात्र ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून सगळे मागून घेण्याकडे कल असतो. यात कुठवर जाता येते हे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ डिसेंबर २०१४ रोजी दिलेल्या निकालातून दिसले. समलिंगी असल्यामुळे आपल्या देशात जिवाला धोका आहे, असे सांगून तिघांनी नेदरलँड्समध्ये आश्रय मागितला होता. आपण खरे बोलतो आहोत हे पटवायला त्यांतल्या एकाने स्वतःचे खासगी चित्रीकरण दिले, दुसऱ्याने तपासणीची तयारी दाखवली. अर्जदाराने स्वतःहून दिला तरी असला पुरावा स्वीकारता येणार नाही, कारण त्याने माणसाच्या प्रतिष्ठेचा भंग होतो, असे न्यायालयाने ठरवले. ब्रिटन तेव्हा संघात होता. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण घाबरलेला माणूस काहीही द्यायला तयार होतो आणि त्याची तयारी हे आपले समर्थन होऊ शकत नाही, हे त्यात मान्य केले आहे. चांगला सल्लागार तेच करतो. चॅटच्या शेकडो पानांतली दहा पाने निवडतो, उरलेली परत करतो.

दुसरी कसोटी पाठवण्याची आणि साठवण्याची. इथे छोट्या फर्मचे मालक एक रास्त वाटणारी तक्रार करतात: दोन-तीन माणसांच्या कार्यालयाने बँकेसारखी सुरक्षा आणायची कुठून? पण ज्या चुकांनी प्रत्यक्षात नुकसान झाले त्या पाहिल्या तर महागड्या यंत्रणेचा प्रश्न क्वचितच दिसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या २४५ जणांना एकच ईमेल पाठवला आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील अशा रकान्यात टाकले. तालिबानच्या हाती ती यादी लागली असती तर जीव गेले असते. या चुकांबद्दल खात्याला साडेतीन लाख पौंड दंड झाला. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या गृहखात्याने, म्हणजे होम ऑफिसने, युरोपीय अर्जदारांचे २४० पत्ते अशाच तऱ्हेने उघडे केले होते. दोन्ही वेळी लागले असते ते पाठवण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने एकदा पाहणे, एवढेच.

कायद्याच्या व्यवसायातली दोन प्रकरणेही बोलकी आहेत. इंग्लंडमधल्या टकर्स सॉलिसिटर्स या फौजदारी वकिलांच्या फर्मवर ऑगस्ट २०२० मध्ये खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला. न्यायालयीन कागदांचे ६० संच चोरून इंटरनेटच्या काळ्या बाजारात टाकले गेले. २०२२ मध्ये फर्मला ९८,००० पौंड दंड झाला. बाहेरून सिस्टीममध्ये शिरताना पासवर्डनंतर दुसरी खातरजमा नव्हती आणि सॉफ्टवेअरमधली ज्ञात फट बुजवायला महिने लावले होते, असे तपासात निघाले. काही संच फर्मने स्वतः ठरवलेल्या सात वर्षांच्या मुदतीनंतरही तसेच पडून होते. डीपीपी लॉ या फर्मला एप्रिल २०२५ मध्ये ६०,००० पौंड दंड झाला. फारसे न वापरले जाणारे एक जुने खाते दुसऱ्या खातरजमेविना उघडे होते. आपला डेटा चोरीला गेल्याचे फर्मला राष्ट्रीय गुन्हे यंत्रणेकडून कळले, आणि तिथे माहिती-संरक्षण पाहणाऱ्या माहिती आयुक्तांना कळवायला तिने ४३ दिवस लावले. कायद्याची मुदत ७२ तासांची आहे. ओटीपी मागणारी सोय आज भाजीवाल्याच्या फोनमध्येही आहे. छोट्या फर्मला ती परवडत नाही, हे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप जास्त गंभीर आहे. शेवटी सगळे कागद सरकारलाच द्यायचे असतात, मग गुप्तता राखायची कोणापासून? पण सल्लागाराला सांगितलेले आणि अर्जात लिहिलेले यांत मोठे अंतर असते. आपली केस कुठे कमजोर आहे, कोणत्या तारखेबद्दल शंका आहे, घरात मारहाण होते का, हे अशील आधी सल्लागाराला सांगतो आणि त्यातून योग्य मार्ग निघतो. हे बोलणे बाहेर जाईल अशी भीती बसली की माणूस अर्धे सांगतो, आणि अर्ध्या माहितीवर दिलेला सल्ला त्यालाच भोवतो. एका कामासाठी दिलेली माहिती दुसरीकडे वळवली की काय होते हे ब्रिटनने पाहिले आहे. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या एका करारानुसार तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेकडचे रुग्णांचे पत्ते इमिग्रेशनची कारवाई करायला होम ऑफिसला मिळत होते. आजारी माणसे दवाखान्यात जायला घाबरतील, असे डॉक्टरांनी आणि संसदेच्या आरोग्य समितीने बजावले. मे २०१८ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि त्या वर्षअखेर तो करार मोडीत निघाला.

उलट दिशेनेही माहितीचा झगडा आहे. अशिलाबद्दल सरकारच्या फाइलमध्ये काय लिहिले आहे, हे सल्लागार अनेकदा अर्ज करून मागवतो. जुन्या मुलाखतीची टिपणे हाती आल्याशिवाय अपील लढवताच येत नाही. २०१८ च्या कायद्यात मात्र इमिग्रेशन नियंत्रणाला बाधा येत असेल तर ही माहिती नाकारण्याची सवलत घातली गेली. ती कायद्यात बसत नाही असे अपील न्यायालयाने २०२१ मध्ये आणि दुरुस्तीनंतर पुन्हा २०२३ मध्ये ठरवले, तेव्हा सरकारने २०२४ मध्ये नियम बदलले. स्वतःची फाइल पाहण्यासाठी अशिलांना जिथे इतकी वर्षे लढावे लागले, तिथे सल्लागाराने त्याच अशिलाला त्याची फाइल दाखवायला टाळाटाळ करणे अक्षम्य आहे. गुप्ततेच्या आड खोटी कागदपत्रे लपतील, ही भीती काही जण बोलून दाखवतात. पण खोटा कागद जाणूनबुजून पुढे करणाऱ्या सल्लागाराला गुप्ततेचे कवच मिळत नाही. त्याची नोंदणी जाऊ शकते आणि त्याच्यावर खटलाही होऊ शकतो.

राहिला प्रश्न नष्ट करण्याचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. सहा वर्षे फाइल ठेवायची ही तिथली रीत; करारभंगाचा दावा लावण्याची इंग्लंडमधली मुदतही तेवढीच आहे. पण कागद नष्ट करण्याने माणसे उद्ध्वस्त होऊ शकतात, हे विंडरश प्रकरणाने दाखवले. कॅरिबियन बेटांवरून १९५० आणि ६० च्या दशकांत आलेल्यांची आगमनाची कार्डे होम ऑफिसने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे त्याच खात्याने त्यांच्याकडे इतक्या वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागितले. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढले गेले. मग फाइली कायमच्या ठेवाव्यात का? टकर्सच्या मुदत उलटलेल्या संचांनी त्याचे उत्तर दिले आहे. यातून वाट एकच दिसते: मुदत संपताना अशिलाला कळवावे, मूळ कागद आणि निकालाची प्रत त्याच्या हाती द्यावी, आणि मग आपल्याकडची प्रत पुसावी. पुरावा ज्याच्या आयुष्याचा, त्याच्याकडे तो राहायला हवा.

आपल्याकडे हा विचार आता सुरू होतो आहे. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. विद्यार्थ्यांना व्हिसाचा सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सी त्यात येत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या अशा कार्यालयांना पासपोर्ट आणि बँक स्टेटमेंट सर्रास व्हॉट्सॲपवर पाठवली जातात आणि ती कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनमध्ये राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. हा कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे, आणि आजार किंवा धर्म अशा नाजूक माहितीचा वेगळा वर्ग त्यात नाही. मला वाटणारी काळजी नेमकी इथे आहे. तरी त्यात दोन गोष्टी अशिलाच्या बाजूच्या आहेत. संमती मागणारी सूचना मराठीतून मागता येते. आणि उलट काहीही करार केलेला असला तरी कायदा पाळण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावरच राहते. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. व्हिसाचा निकाल लागल्यावर, तो होकाराचा असो वा नकाराचा, कन्सल्टन्सीकडून आपल्या फाइलची प्रत, ती कोणाकोणाला पाठवली त्यांची नावे आणि ती पुसण्याची तारीख लेखी मागायला या कायद्याची मुदत उजाडण्याची वाट पाहावी लागत नाही.