ओढून पाहिलेली अँटीबॉडी

कोविडच्या दिवसांत ‘अँटीबॉडी किती?’ हा आकडा लॅबच्या रिपोर्टमधून घरोघर पोहोचला. रक्तात प्रतिपिंडं किती आहेत याचा अंदाज त्यावरून येतो. पण त्यातलं एकेक प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला, म्हणजे प्रतिजनाला, किती घट्ट धरून राहतं हे वेगळं कळत नाही. ती पकड एकेका रेणूवर मोजता येते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. आणि मोजायला लागल्यावर लक्षात येतं की पकड किती मजबूत, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीच. ओढलं किती वेगानं, हे आधी सांगावं लागतं.

ऑस्ट्रियातल्या लिंझ इथं पीटर हिंटरडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहू. त्यांनी वापरलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकात (atomic force microscope) एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी अशी बारीकशी लवचीक पट्टी असते आणि मोकळ्या टोकाखाली एक अणकुचीदार सुई. या सुईला त्यांनी आठ नॅनोमीटर लांबीच्या पॉलिमरच्या दोरीनं प्रतिपिंड बांधलं. खाली अभ्रकाच्या सपाट पापुद्र्यावर त्याचं प्रतिजन, म्हणजे मानवी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, बसवलं. सुई खाली टेकवायची, वर उचलायची. दोघांची गाठ जमली असेल तर आधी दोरी ताणते, मग पट्टी खाली वाकते आणि गाठ सुटताच झटक्यात सरळ होते. पट्टीच्या पाठीवरून परावर्तित होणारा लेझर हे वाकणं टिपतो. गाठ सुटण्याचा सरासरी जोर भरला सुमारे २४४ पिकोन्यूटन. एक पिकोन्यूटन म्हणजे साधारण एका तांबड्या रक्तपेशीचं वजन.

गाठ एकच होती कशावरून? ही शंका रास्तच आहे, कारण सुईवर चार प्रतिपिंडं असतील तर आकडा निरर्थक ठरतो. म्हणून ती मुद्दाम विरळ बसवतात. दहापैकी नऊ वेळा सुई रिकामीच वर येत असेल, तर उरलेल्या वेळांपैकी सुमारे ९५ टक्के वेळा गाठ एकच असणार, हे साध्या संभाव्यतेच्या गणितातून निघतं. द्रावणात मोकळं प्रतिजन सोडलं की प्रतिपिंडाच्या भुजा आधीच अडकतात आणि गाठी जमणं जवळजवळ थांबतं. चिकटणं नेमकं होतं याची ही खात्री. दोरी ताणल्याची खूणही आलेखात दिसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला बायोटिन आणि त्याविरुद्धचं प्रतिपिंड या जोडीसाठी जेमतेम ६० पिकोन्यूटन मिळाले. जोडी वेगळी, मान्य. पण पुढे एकाच जोडीचेही आकडे बदलताना दिसले. मग या मोजमापाला अर्थ काय? उत्तर इव्हान इव्हान्स आणि केन रिची यांनी १९९७ मध्ये मांडलं. जत्रेच्या रेट्यात हात धरून उभ्या असलेल्या दोघांची कल्पना करा. कुणी ओढलं नाही तरी गर्दीच्या धक्क्यांनी हात कधीतरी सुटतोच. हळूहळू ओढलं तर गर्दीला धक्के मारायला भरपूर वेळ मिळतो आणि थोड्या जोरानंच हात सुटतो. झटकन ओढलं तर एखादा धक्का नेमका बसेपर्यंत जोर कितीतरी चढलेला असतो. रेणूंच्या जगात ही गर्दी म्हणजे उष्णतेनं सतत आदळणारे पाण्याचे रेणू. १९९९ मध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन या विलक्षण घट्ट जोडीवर हे उत्तर पडताळलं गेलं: ओढण्याचा वेग बदलत नेला तसा तुटण्याचा जोर सुमारे ५ पासून १७० पिकोन्यूटनपर्यंत गेला. (त्या उपकरणात स्प्रिंगचं काम एक तांबडी रक्तपेशीच करत होती, हे मला आजही थक्क करतं.) म्हणजे विसंगत वाटणारे आकडे चुकीचेच असतील असं नाही; त्यांच्यासोबत वेग लिहिलेला असायला हवा.

तरीही कुणी विचारेल, द्रावणात मोजलेली जोडीची आसक्ती (affinity) आहेच, मग हा खटाटोप कशाला? २००० साली एका स्विस गटानं फ्लुओरेसिनला धरणाऱ्या नऊ प्रतिपिंड-तुकड्यांवर दाखवलं की ओढून मिळालेला जोर आणि द्रावणात आपोआप सुटण्याचा दर यांचा मेळ बसतो. याचा अर्थ ओढणं हा काही उपकरणानं केलेला आभास नाही. पण आसक्ती हे जुळण्याच्या आणि सुटण्याच्या दरांचं गुणोत्तर आहे. सावकाश जुळणारी, सावकाश सुटणारी जोडी आणि भराभर जुळणारी, भराभर सुटणारी जोडी कागदावर सारखीच दिसतात. ताण पडला की मात्र त्यांचं वागणं वेगळं होऊ शकतं.

शरीरात कोण ओढतंय, असं म्हणून हा मुद्दा उडवता येत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशीच ओढतात. आपल्या पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडानं दुसऱ्या पेशीवरचं प्रतिजन पकडायचं आणि मायोसिन या प्रथिनाच्या बळावर ते खेचून आत घ्यायचं, ही त्यांची रीत २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवली. कमकुवत गाठ या ओढीत तुटते, घट्ट गाठ टिकते, आणि पेशीला चांगल्या-वाईटाची पारख होते. २०१५ मध्ये बीजिंगच्या एका गटानं ठरावीक जोराला तुटणाऱ्या डीएनएच्या दोऱ्यांवर प्रतिजन बांधून या पेशींना ओढायला लावलं. पृष्ठभागावर आयजीएम प्रकारचं प्रतिपिंड असलेल्या पेशी ताण वाढेल तशा पायऱ्यापायऱ्यांनी जाग्या झाल्या. १२ पिकोन्यूटनला तुटणाऱ्या दोरीवर त्यांचा प्रतिसाद फिका होता. पूर्वीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या अनेक पेशींवर असते त्या आयजीजी प्रकाराला मात्र तेवढीच नाजूक दोरी पुरली.