गुलाबाच्या झाडातील दुसरे झाड

हिवाळ्यात आणलेल्या गुलाबाच्या रोपावर पहिले मोठे, घट्ट पाकळ्यांचे फूल उमलले म्हणजे साऱ्या घराला केवढा आनंद होतो! पुढे उन्हाळा येतो, रोप केविलवाणे दिसू लागते. आणि पावसाळा लागताच बुंध्याशी तजेलदार हिरव्या फांद्या सरसर वाढू लागतात. "चला, झाड जगले!" असे म्हणून आपण निःश्वास टाकतो. पण पुढच्या हिवाळ्यात ते पूर्वीचे फूल काही येत नाही. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगणात हे घडले असेल. मग दोष कधी मातीला, कधी पाण्याला, तर कधी रोप विकणाऱ्याला दिला जातो.

जयपुरात राहणाऱ्या आमच्या एका आप्तांच्या घरी नेमके हेच झाले. बदलीच्या गावी जाताना वहिनींनी माहेरचे, पुण्याचे एक गुलाबाचे रोप बरोबर नेले होते. त्यांच्या आईने ते स्वतः डोळा भरून तयार केले होते. वर्षभरात आई निवर्तल्या, आणि त्या रोपाची किंमत पैशांत मोजण्यासारखी उरली नाही. दुसऱ्या वर्षी झाड चांगले फोफावले, पण फुलेना. अखेर शेजारच्या एका वृद्ध माळ्याने बुंध्याची माती दूर केली आणि दाखवले, की वाढत होते ते झाड वेगळेच होते. आईंचा गुलाब एका बाजूस बोटभर जाडीच्या दोन काड्यांपुरता उरला होता.

याचे कारण समजण्यासाठी या गुलाबाचे कूळ पाहिले पाहिजे. ज्याला आपण 'हायब्रिड टी' म्हणतो, तो युरोपातील दणकट गुलाब आणि चीनमधून तिकडे गेलेले नाजूक 'टी' गुलाब यांच्या संकरातून जन्मला. फ्रान्समधील लिआँ येथील गियो यांनी १८६७ साली प्रसिद्ध केलेला 'ला फ्रान्स' हा या वर्गातील पहिला गुलाब मानला जातो. लांब देठावर एकच डौलदार कळी आणि पुन्हा पुन्हा येणारा बहर हे या वर्गाचे गुण होत. मुळांची ताकद मात्र अनेक जातींत बेताचीच असते. म्हणून एखाद्या काटक गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा भरतात. उत्तर भारतात या कामी एडवर्ड गुलाब किंवा 'रोझा इंडिका ओडोराटा' यांचे खुंट पुष्कळ वापरतात. तेव्हा आपल्या अंगणातील गुलाब हे एक झाड नसून दोन झाडांचा संसार असतो. वरचे झाड फुले देते, खालचे अन्नपाणी पुरवते. आणि वरचे थकले, की खालचे स्वतःच डोके वर काढते.

हे फुटवे पानांवरून ओळखता येतात, असे पुष्कळजण सांगतात. पाच पर्णिका म्हणजे कलम आणि सात म्हणजे रानटी, ही खूण विश्वासार्ह नाही. कारण चांगल्या गुलाबालाही कधी सात पर्णिका येतात आणि एडवर्डला पाच. खरी परीक्षा एकच. डोळा भरलेल्या जागी बुंध्यावर गाठ असते. फुटवा गाठीच्या वरून निघाला असेल तर तो आपला, खालून निघाला असेल तर परका. परका फुटवा जमिनीलगत कापू नये. कापला की एकाचे चार होतात. माती खरवडून त्याचा उगम शोधावा व तेथूनच खाली ओढून तो उपटून काढावा. लागवड करतानाच ही गाठ मातीच्या दोन बोटे वर ठेवली, म्हणजे पुढे ती शोधावी लागत नाही.

जयपुरास ही दक्षता अधिक घ्यावी लागते. या शहराला गुलाबी म्हणतात, पण तो रंग १८७६ मध्ये ब्रिटिश युवराजांच्या स्वागतासाठी भिंतींना दिलेला; भूमीचा स्वभाव तसा नाही. माती रेताड व अल्कधर्मी, पाणी बहुधा जड, आणि मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर. अशा वेळी कलम दमते व खुंट तग धरतो. म्हणून एप्रिल ते जून झाडास विश्रांती द्यावी. खत घालू नये, छाटणी करू नये, कळ्या खुडून टाकाव्यात. पश्चिमेचे ऊन अडवावे, आळ्यात वाळलेल्या पानांचा थर द्यावा आणि सकाळी खोलवर मुरेल असे पाणी द्यावे.

खरे काम ऑक्टोबरमध्ये आहे. त्याच्या उत्तरार्धात छाटणी करावी. वाळलेल्या व रोगट फांद्या मुळापासून काढाव्यात, चार-पाच सशक्त फांद्या ठेवून त्या निम्म्यावर, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरप्या छाटाव्यात व कापलेल्या तोंडांना बोर्डो मलम लावावे. नाहीतर फांदी शेंड्याकडून वाळत जाते. मग कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मातीत मिसळावी. पेंडीने वाळवीसही काहीसा आळा बसतो. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची उणीव समजावी आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावे. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरमध्ये, जयपूरचा हिवाळा आपले दान पदरात टाकतो.

आपल्या उन्हात वाढलेल्या जाती निवडण्याचीही सोय आता आहे. गव्हाच्या संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. बी. पी. पाल यांनी दिल्लीत गुलाबाच्याही अनेक जाती निर्माण केल्या. त्यांचा शुभ्र 'डॉ. होमी भाभा' १९६८ सालचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा गुलाबी, सुगंधी 'मृणालिनी' त्यानंतरचा.

वहिनींच्या रोपाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. परके फुटवे उपटल्यावर त्या दोन काड्यांनी जीव धरला आणि डिसेंबरात एक, लहानसेच, पण नेमके तेच फूल आले. वहिनींनी ते खुडले नाही. जानेवारीत माळ्याने त्याच फांदीचे तीन डोळे तीन नव्या खुंटांवर भरले. डोळा भरला, की नवे रोप जुन्याचाच अंश असते. एका जातीचे सारे गुलाब याच रीतीने आपल्या पहिल्या झाडाशी जोडलेले असतात. तीनपैकी दोन डोळे लागले. त्यांतील एक रोप आता पुण्यास माहेरी परत गेले आहे.

आज आपल्या अंगणात गेलात, तर फुलाकडे पाहण्यापूर्वी क्षणभर बुंध्याकडे पाहा. वाढते आहे ते झाड आपलेच आहे ना, एवढे तपासा.