जुन्या लहान ट्रॅक्टरचा अडकलेला फोर-व्हील दांडा

नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांतून आणि सोलापुराकडील डाळिंबबागांतून लहान ट्रॅक्टर आतां सर्रास दिसतात. दोन ओळींमधील अरुंद जागेंत मोठा ट्रॅक्टर वळत नाहीं. आणि पावसाळ्यांत फवारणीचें भरलेलें यंत्र जोडून काळ्या जमिनींतून जावयाचें, तर केवळ मागील दोन चाकांच्या बळावर भागत नाहीं. म्हणून चारहि चाकांस गति देणारा, म्हणजे फोर-व्हील ड्राईव्हचा, लहान ट्रॅक्टर बागाइतदार पसंत करितात, व नवा घेण्याची ऐपत नसल्यास जुना घेतात. असा जुना ट्रॅक्टर घरीं आल्यावर जी तक्रार वारंवार ऐकूं येते ती ही कीं, फोर-व्हीलचा दांडा एकदां पडला तो निघत नाहीं, अथवा मुळींच पडत नाहीं. लागलीच कोणी तरी लोखंडी नळी आणून दांड्यावर चढवितो आणि जोर करितो. या नळीनें होणारें नुकसान मूळ बिघाडापेक्षां बहुधा मोठें असतें. दांड्याच्या दुसऱ्या टोकास, गिअरपेटीच्या आंत, एक लहानसा दुबेळका असतो. तो वांकला किंवा त्याची पिन तुटली कीं पेटी उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि ऐन फवारणींत पेटी उघडून पडलेला ट्रॅक्टर म्हणजे काय, हें द्राक्षवाल्यांस आम्हीं सांगावयास नको.

दांडा अडकतो कां, हें समजण्यास आंतील रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. मागील चाकांकडे जाणारी गति दंतचक्रांच्या द्वारें एका लांब दांडीस मिळते, व ती दांडी ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढील आंसाकडे जाते. मध्यें दांत्यांचें एक सरकतें कडें असतें. आपण दांडा हलवितों तेव्हां दुबेळका हें कडें सरकवितो, इतकेंच. परंतु दांत्यांवर दाब असेल तोंपर्यंत कडें सरकत नाहीं.

आतां हा दाब येतो कोठून? पुढील चाकें लहान व मागील मोठीं असल्यामुळें दोहोंच्या गतीचा मेळ दंतचक्रांनीं बसविलेला असतो, आणि तो मुद्दाम किंचित् पुढच्या चाकांच्या बाजूनें ठेवितात. सामान्यतः शेंकडा 1 ते 5 इतकी त्यांची धांव जास्त असते, म्हणजे तीं ओढत राहतात. चिखलांत ही जास्त धांव चाक घसरून जिरून जाते. डांबरी सडकेवर किंवा कठीण मुरमाड रस्त्यावर चाक घसरत नाहीं. मग तीच धांव सुंभाच्या दोरीप्रमाणें दांडीस पीळ घालीत राहते, दांते एकमेकांवर आवळले जातात व दांडा जागचा हलत नाहीं. शेतांतून बाहेर पडतांना दांडा काढावयाचा विसरून गांवापर्यंत आलेल्या ट्रॅक्टरची ही नेहमींची अवस्था.

यावर उपाय सोपा आहे. सपाट, मऊ जागीं सुकाणू सरळ ठेवून ट्रॅक्टर सावकाश पांच-दहा हात मागें घ्यावा, व क्लच दाबतांना दांड्यास हातानें हलका ताण द्यावा. पीळ उलटा सुटतो आणि दांडा आपण होऊन निघतो. न निघाल्यास इंजिन बंद करावें, मागील चाकांस पुढून-मागून दगडाची उटी लावावी, आणि पुढील एक चाक जॅकनें जमिनीपासून सुटें करावें. सुटतांना चाक एकदम गिरकी घेण्याचा संभव असल्यामुळें हातपाय दूर ठेवावे. हें काम उतारावर कधींहि करूं नये. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांवरच असतात, आणि दांडा निघाला कीं पुढील चाकांचा आधार जातो.

दांडा सुटला, पण चार दिवसांनीं पुन्हां अडकला, तर टायरांकडे पाहावें. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतींत हें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. विकण्यापूर्वी गाडी चांगली दिसावी म्हणून पुढें नवे टायर बसवितात व मागें झिजलेले तसेच ठेवितात. किंवा मापाचा न मिळाल्यानें जवळपासच्या मापाचा घालतात. अशानें कारखान्यानें बसविलेला मेळ बिघडतो. परीक्षा घरच्या घरीं होते. चारहि टायरांत योग्य हवा भरून पुढील व मागील एकेका चाकावर खडूनें खूण करावी. मऊ रानांत दांडा काढून मागील चाकाचे बरोबर 10 फेरे होईपर्यंत सरळ चालवावें, व पुढील चाकाचे फेरे एकानें बाजूनें चालत मोजावे. मग दांडा घालून तसेंच करावें. पहिल्या वेळीं 16 व दुसऱ्या वेळीं साडेसोळा फेरे भरले, तर 16 मध्यें अर्धा, म्हणजे शेंकडा सुमारें 3 धांव जास्त. हा मेळ ठीक. ती 5 च्या बरीच वर गेली, किंवा दुसऱ्या वेळीं फेरे उलट कमी भरले, तर टायर बदलल्यावांचून दांड्याचें दुखणें जाणार नाहीं.

कित्येकदां दोष आंत नसून बाहेर असतो. दांडा वर्षांनुवर्षें हलविलेलाच नसतो. सांध्यांत चिखल वाळलेला आणि पेटींत शिरणारी आडवी दांडी गंजलेली. दांड्याची जोडपिन काढून तो एकटा हलवून पाहावा. एकटाहि जड गेला तर दोष सांध्यांत. गंजावर सुटें करणारें तेल सोडून रात्रभर ठेवावें, हलके ठोके द्यावे, नंतर ग्रीस भरावें. एकटा सैल हालला, पण पेटीवरचा हात हलत नसला, तर चाक उचललेलें असतांना एकानें तें हातानें मागेंपुढें करावें व दुसऱ्यानें तो हात अलगद दाबावा. दांत्यावर दांता आला असेल तर येथेंच काम होतें. न झाल्यास मात्र मिस्त्रीस बोलवावें, व पेटीचें तेल काढतांना स्वतः समोर उभें राहावें: तेलांत लोखंडाचे कण दिसले तर दांते किंवा दुबेळका झिजला आहे, आणि तें दुधासारखें पांढुरकें असलें तर पाणी शिरलें आहे.

जुना ट्रॅक्टर घ्यावयास जाणारांनीं जॅक बरोबर न्यावा. इंजिन बंद, ट्रॅक्टर गिअरमध्यें, मागें उटी, आणि पुढील एक चाक उचललेलें, अशा स्थितींत दांडा बाहेर असतां तें चाक हातानें मोकळें फिरलें पाहिजे, व दांडा घातल्यावर अडलें पाहिजे. घातल्यावरहि फिरत राहिलें, तर पुढें गति जात नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीच कळतें. "तो दांडा कशाला हलवितां, लागत नाहीं" असें विकणारा म्हणूं लागला, तर दोन चाकांच्या ट्रॅक्टरची किंमत सांगावी.