माशी आजारी पडते तेव्हा

पिकल्या केळ्यांच्या घडाभोवती घोंघावणारे चिलट म्हणजे ड्रोसोफिला, हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नकोच. रवा, गूळ आणि अगर यांच्या खाद्यावर वाढवलेल्या या माशांच्या बाटल्या आमच्याही प्रयोगशाळेत असतात. तांबडे डोळे किती, पांढरे किती, हे मोजून जर्नल भरले की आपला तिच्याशी संबंध संपतो. जीवाणूंच्या संसर्गाचा अभ्यास या माशीवर करतात असे मी एकदा वर्गात म्हणालो, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माशी आजारी पडली काय नि मेली काय, माणसाला त्याचे काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे.

प्रथम माशीला आजारी पाडतात कसे ते पाहू. कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणलेल्या माशीच्या छातीत अतिशय बारीक सुई टोचतात. सुईचे टोक जंतूंच्या दाट कल्चरमध्ये बुडवलेले असते. दुसऱ्या गटाला तशीच, पण निर्जंतुक सुई टोचतात. नाहीतर माशी जखमेने मेली की जंतूने, हे कळायचे कसे? मग ठराविक तासांनी जिवंत माशा मोजायच्या. भाजलेल्या रुग्णांना छळणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा टोचला तर बहुतेक माशा एक-दोन दिवसांत मरतात. साधा ई. कोलाय टोचला तर धडधाकट माशी सहसा तगून राहते.

कशाच्या जोरावर? माशीला प्रतिपिंडे नाहीत. ती बनवणाऱ्या, आपल्यासारख्या पांढऱ्या पेशीही नाहीत. माझ्या मते हे उणेपणच संशोधकांच्या पथ्यावर पडले. माणसात जन्मजात प्रतिकार आणि नंतर कमावलेला प्रतिकार असे गुंतलेले असतात की पहिल्याचे काम वेगळे काढून दाखवणे कठीण. माशीत पहिलाच काय तो आहे. स्वीडनच्या हान्स बोमन व सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवले की आधी एकदा जंतू टोचलेल्या माशा नंतरच्या जंतूंचा समाचार अधिक चांगला घेतात. पुढे कळले ते असे, की जंतू शिरताच माशीच्या मेदपिंडातून काही तासांत जंतुनाशक पेप्टाइडे रक्तात उतरतात.

पण धोक्याची घंटा वाजवतो कोण? गर्भाची पाठ कोणती नि पोट कोणते हे ठरवणारे टोल नावाचे एक जनुक माशीत आधीच माहीत होते. स्ट्रासबुर्ग येथे ब्रुनो लमेत्र, ज्यूल हॉफमन व सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की टोल बिघडलेली माशी अ‍ॅस्परजिलस बुरशीपुढे टिकत नाही. तिच्या अंगावर बुरशीचे तंतू उगवलेले छायाचित्र पाहणाऱ्याच्या लक्षात राहते. आदल्याच वर्षी इमड ही दुसरी घंटा सापडली होती. ती बंद पडली की तोच साधा ई. कोलाय माशीचा जीव घेतो. ग्राम-निगेटिव्ह जंतूंना मुख्यतः इमड, बुरशी व बऱ्याच ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंना टोल, अशी ही वाटणी आहे.

मागच्या बाकाला उत्तर मिळते ते यानंतर. जंतूंच्या एंडोटॉक्सिनला दाद न देणाऱ्या उंदरांत नेमके काय बिघडले आहे, याचा शोध ब्रूस बॉयटलर घेत होते. १९९८ साली जे जनुक हाती लागले ते टोलचेच भाऊबंद निघाले! तेच आपल्यातही आहे. रक्तात जंतू माजल्यावर हीच घंटा बेफाम वाजत राहिली तर रोगी सेप्टिक शॉकने दगावतो. हॉफमन व बॉयटलर यांना २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

आणखी एक सोय सांगतो. या प्रयोगात दोन्ही बाजूंची जनुके बदलता येतात. जंतूचे एखादे जनुक मोडले आणि माशा मरेनाशा झाल्या, तर ते त्याचे हत्यार होते असे समजावे. जुनी औषधे जंतूंना जुमानेनाशी झाली असताना अशा हत्यारांची यादी हाती असणे थोडे नव्हे. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात, त्यामुळे शेकड्यांनी माशा वापरता येतात. निरनिराळ्या जातीही मागवता येतात. आपल्याच देशात म्हैसूर विद्यापीठाचे ड्रोसोफिला स्टॉक सेंटर आहे.

मर्यादाही मोठ्या आहेत. सुईने टोचणे म्हणजे चोराला खिडकीतून आत सोडणे. कातडी आणि आतडे या दारांवरच्या पहाऱ्याची परीक्षाच होत नाही. म्हणून काही जण साखरेच्या पाण्यातून जंतू चारतात. आपल्या ३७ अंशांच्या शरीरात चेव येणारा एखादा जंतू २५ अंशांच्या माशीत निमूट बसू शकतो. फुप्फुसे तिला नाहीत. आणि माणसासाठीची लस प्रतिपिंडे उठवते की नाही, हे पाहायला उंदीरच लागतो.