मोंते सांतोवरचे दोन मठ

सोलापूरजवळच्या होटगीत मठ म्हटलं की बृहन्मठ. वीरशैव परंपरेतला हा मठ आजही नांदता आहे. गादीवर गुरूमागून शिष्य येतो, भक्तांचा राबता असतो. ही परंपरा खंडित झाली तर मठाचं काय होतं, हे पाहायचं तर जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवर जावं लागतं.

 गोव्याच्या या टेकडीवर आले ऑगस्टिनियन संघाचे साधू, 1572 साली. त्यांनी मठ उभारला आणि 1602 च्या सुमारास त्याला जोडून भव्य चर्च बांधलं. 1606 मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी तिथेच ननांसाठी सांता मोनिका मठाचा पाया घातला. काम 1627 पर्यंत चाललं. मधे चौक, भोवती तीन मजली इमारत, बाहेरून भिंतींना जाडजूड टेकू. आत गेलेली बाई सहसा परत बाहेर येत नसे. ती हुंडा घेऊन येई, त्यामुळे मठाकडे संपत्ती साठू लागली आणि शहरातल्या मानकऱ्यांशी खटके उडाले.

मग लिस्बनमध्ये वारं फिरलं. 1834 साली उदारमतवादी सरकारनं धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी तो हुकूम गोव्यात लागू झाला. साधूंना मठ सोडावा लागला. ननांना राहू दिलं, पण नवी नन घ्यायला बंदी केली. मला हा हुकूम हकालपट्टीपेक्षाही क्रूर वाटतो. एकेक बाई म्हातारी होऊन गेली आणि 1880 च्या दशकात शेवटचीही वारली.

साधूंच्या ओस पडलेल्या चर्चचं छत 1842 मध्येच कोसळलं. प्रचंड घंटा खाली उतरवली गेली. 1871 पासून ती पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. याच अवशेषांच्या उत्खननात जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारतानं त्या अस्थी जॉर्जियाला सुपूर्द केल्या.

सांता मोनिका मात्र उभा राहिला. कोकणच्या पावसात जांभा दगड उघडा पडला की झिजतो. त्यावर चुन्याचा गिलावा लागतो, आणि तो राखायला घरात माणूस लागतो. इथे काही काळ सैनिक राहिले. 1964 मध्ये ननांच्या धर्मशिक्षणासाठी मातेर देई संस्था सुरू झाली, म्हणजे बायकांचं शिक्षण त्याच ओवऱ्यांत परतलं. 1994 मध्ये राशोल सेमिनरीत स्थापन झालेलं ख्रिस्ती कला संग्रहालय 2002 मध्ये इथे आलं. त्यातला चांदीचा पेलिकन अवश्य पाहावा. हा पक्षी चोचीनं छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी जुनी समजूत. म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचं प्रतीक. हस्तिदंती मूर्ती आणि लाकडी कोरीवकामात तर स्थानिक कारागिरांचा हात स्पष्ट ओळखू येतो.

हे संग्रहालय इथे आणण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. महाराष्ट्रात कितीतरी वाडे आणि जुन्या धर्मशाळा कुलपात कुजताहेत. त्यांनाही असा रहिवासी शोधून द्यायला हवा. गोव्याला जाणारे बहुतेक जण बॉम जेझूस चर्च पाहून समुद्रावर जातात. तुम्ही गेलात तर तासभर राखून ही टेकडी चढा आणि दोन्ही मठ एकाच दिवशी पाहा.